पांढरी पाच आणि काळी चार

थकबाकी जमा झाली तेव्हापासून
डायरीच्या मागच्या पानावर एक उभी रेघ आहे.
डावीकडे काळा, उजवीकडे करडा.
पुढच्या पानांवर जंपर, फ्यूज, डीपीचे नंबर.

काळा संभाजीनगरच्या दुकानात, नवाकोरा,
प्लॅस्टिक अजून अंगावर.
अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, बोटाला जड,
बरेच दिवस न हापसलेला हापसा दाबावा तशा.
दुकानातला पोरगा म्हणाला, सोळा ट्रॅक, सर,
एकटा माणूस अख्खा ऑर्केस्ट्रा.
मी विचारलं, लांबी किती?
साडेचार फूट.
आमची मधली खोली दहा बाय अकरा.
त्यात पलंग, शिलाई मशीन, पाण्याची टाकी,
आम्रपालीचं बारावीचं टेबल.

करडा मानवतला, खलील मास्तरांकडे.
एकसष्ट पट्ट्या,
त्यातली वरची काळी दोन दोनदा दाबावी लागते.
वीस वर्षं लग्नं वाजवली त्याने,
हळदीपासून पाठवणीपर्यंत,
मग डीजेच्या गाड्या आल्या.
त्याच्या पोटात मास्तरांनी भरलेले आवाज :
शहनाई जिंतूर. ढोलकी भारी.
बासरी नवी. बासरी नवी दोन.
पुसून टाका पाहिजे तर, म्हणाले,
आणि चहाचं सांगायला आत गेले
ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

करडा एका वेळी चौसष्ट स्वर पेलतो.
पासष्टावा आला
की सगळ्यात आधीपासून वाजणारा स्वर तो सोडून देतो,
गुपचूप, ऐकणाऱ्याला कळत नाही.
काळा एकशे अठ्ठावीस पेलतो.
घरी येऊन मी मोजलं.
हात दोन. बोटं साडेनऊ,
डावी करंगळी अर्धी अकरा केव्हीने नेली.

सत्वशीला म्हणाली,
कामून एवढा इचार करायलाव?
सोयरीक जमवायलाव का बाजा घ्यायलाव?

खरी अडचण मी तिला सांगितली नव्हती.
एकोणीस वर्षं डीपीखाली उभा राहतोय.
डीपी एकच स्वर धरून असते,
सेलू झोपलं की नीट ऐकू येतो.
शाळेतल्या पेटीवर शोधला होता, सापडला नाही.
पांढऱ्या पाचच्या जरा वर,
काळ्या चारच्या बराच खाली,
तिथे पट्टीच नाही, फट आहे.
माझा सा तिथे आहे. दुसरा लागतच नाही.

दुकानात मी डोळे मिटून
नुसती पांढरी पाच धरून बसलो.
पोराला वाटलं, काकांना वाजवता येत नाही.
मग सांगितलं तर तो शोधू लागला,
पान सहा, पान सात,
परत पान एक.

खलील मास्तरांना सांगावं लागलं नाही.
माझी पट्टी ऐकता ऐकता त्यांनी
करड्याच्या पाठीमागे हात घातला,
एक बारकी खुंटी केसभर फिरवली
आणि मानवतच्या त्या पत्र्याच्या खोलीत
आमची डीपी बोलायला लागली.
तुम्ही लाइटवाले का? म्हणाले.
दोघंही हसलो नाही.

पोत्यात गुंडाळून एसटीने आणला.
कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट काढलं.
शिलाई मशीनच्या पाटावर बरोबर मावतो,
फक्त ब्लाउज शिवायचे असले की उतरवावा लागतो.
काळ्या दोनला अजून दोनदा दाबतो,
आता दुसऱ्यांदा दाबणं चालीतच धरलंय.

परवा पहिली चाल जमली.
चौथ्या ट्रॅकवर बासरी नवी दोन घेतली,
ती नवी एकपेक्षा जुनी वाटते.
सेव्ह करणार, तेवढ्यात लाइट गेली.
आणि फोन : साहेब, डीओ उडाला.

चप्पल, टॉर्च, काठी.
तार बदलली, काठीने डीओ वर चढवला,
खटका बसला, डीपी गुणगुणली.
चार गल्ल्या पलीकडे आमच्या खिडकीत
करड्याचा पडदा पेटला असणार,
मास्तरांचं सगळं जपून,
माझं काहीच नाही.

मी काठी लगेच खाली ठेवली नाही.
कुत्री भुंकायची थांबेपर्यंत
त्या फटीत उभा राहून
चाल परत सुरुवातीपासून म्हणत होतो.